‘ओन्ली’ म्हणजे ‘फक्त’ की ‘च’?

प्रश्न असा आहे. विचारणारा मुलगा सांगलीच्या मार्केट यार्डात एका बेदाणा व्यापाऱ्याच्या पेढीवर पत्रव्यवहार बघतो. परदेशातल्या पार्टीला त्यानं मेल टाकला : ‘वी विल लोड द रेझिन्स ऑन मंडे ओन्ली.’ त्याला म्हणायचं होतं, माल सोमवारीच भरतो, पुढं ढकलत नाही. तिकडून उलट विचारणा आली की बाकीच्या दिवशी तुम्ही माल का भरत नाही? शेठ म्हणाले, इंग्रजी बरोबर आहे, त्यांना कळत नाही. शेजारच्या गाळ्यातला एक पदवीधर म्हणाला, ‘ओन्ली’ वाक्याच्या शेवटी येतच नाही. म्हणून तो विचारतोय की ‘ओन्ली’चा अर्थ ‘फक्त’ की ‘च’, आणि वाक्यात तो ठेवायचा कुठं?

मी सांगली-मिरजेत बरीच वर्षं इंग्रजी शिकवतो, शिवाय करारपत्रांची भाषांतरं करतो. या एका शब्दावर जेवढी हुज्जत मी ऐकली आहे, तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या शब्दावर ऐकली असेल. तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

घोळ इंग्रजीत कमी आणि आपल्या ‘च’मध्ये जास्त आहे. मराठीतला ‘च’ एकटाच चार माणसांची कामं करतो. ‘तीनच पोती उतरली’ म्हटलं की चौथं पोतं नाही, म्हणजे बाकीचं वगळलं. ‘हाच तो माणूस’ म्हटलं की ओळख पक्की केली. ‘मी येणारच’ यात निर्धार आहे. ‘मला वाटलंच होतं’ यात आधीपासूनची खात्री आहे. यातलं पहिलं, म्हणजे बाकीचं वगळण्याचं, तेवढं काम ‘ओन्ली’ करतो. उरलेल्या ठिकाणी आपण बोलण्यावर जोर देत असतो, आणि जोर देणं हे ‘ओन्ली’चं कामच नव्हे. इंग्रजी माणसाच्या कानावर ‘ओन्ली’ पडला की त्याच्या डोक्यात काहीतरी लहान होतं, छाटलं जातं. तुम्ही ‘मंडे ओन्ली’ लिहिलंत, त्यानं मंगळवार ते रविवार छाटून टाकले आणि विचारलं, बाबा, असं का?

म्हणून एक साधी कसोटी लावायची. मनातल्या मराठी वाक्यातला ‘च’ काढा, ‘फक्त’ घाला आणि अर्थ तोच राहतो का बघा. ‘तीनच पोती उतरली’ आणि ‘फक्त तीन पोती उतरली’ एकच. इथं ‘ओन्ली’ बेलाशक वापरा : ‘ओन्ली थ्री बॅग्ज वेअर अनलोडेड.’ आता ‘सोमवारीच भरतो’चं ‘फक्त सोमवारी भरतो’ करून बघा. अर्थ पार बदलला. मग तिथं ‘ओन्ली’ नको. ही कसोटी एका ठिकाणी, काळाच्या बाबतीत, फसते. ते पुढं येईल.

मग जोराच्या ‘च’ला इंग्रजीत काय म्हणायचं? एकच एक शब्द नाही. म्हणून तर पोरं ‘ओन्ली’ला धरून बसतात. ‘मी स्वतःच केलं’ हे ‘आय डिड इट मायसेल्फ’. ‘इथंच थांब’ हे ‘वेट राइट हिअर’. ‘हाच तो माणूस’साठी ‘दिस इज द व्हेरी मॅन’, पण बोलताना नुसतं ‘दिस इज द मॅन’ म्हणून ‘इज’वर आवाज चढवला तरी भागतं. ‘त्यानंच मला सांगितलं’ हे ‘इट वॉज ही हू टोल्ड मी’. ‘मी सांगितलंच होतं’ याला ‘आय डिड टेल यू’. तो मधला ‘डिड’ म्हणजे आपला ‘च’च समजा. ‘आत्ताच जेवलो’ हे ‘आय हॅव जस्ट ईटन’. ‘जायलाच पाहिजे’ हे ‘आय हॅव गॉट टू गो’. आणि ‘तो असाच आहे’ हे वाक्य आपल्याकडं सर्रास ‘ही इज लाइक दॅट ओन्ली’ होतं. तिकडचा माणूस म्हणेल, ‘दॅट्स जस्ट द वे ही इज.’ आपल्या भागातला ‘येतो की!’, ‘घ्या की!’मधला ‘की’सुद्धा याच जातीचा. त्याला ‘ऑफ कोर्स’ किंवा ‘डू’ लागतो : ‘ऑफ कोर्स आय विल कम’, ‘डू हॅव सम’. तिथंही ‘ओन्ली’ घालणारे मी ऐकले आहेत.

मेलमधलं वाक्य मी असं लिहिलं असतं : ‘वी विल लोड द रेझिन्स दिस मंडे, विदाउट फेल.’ किंवा तारीखच महत्त्वाची असेल तर ‘बाय मंडे ॲट द लेटेस्ट’. यातलं दुसरं मला जास्त पसंत आहे, कारण त्यात माल रविवारी तयार झाला तर रविवारी भरायची सोय राहते. ‘ऑन मंडे इटसेल्फ’ मात्र लिहू नका. तो ‘इटसेल्फ’ही आपल्या ‘च’चाच दुसरा अवतार आहे.

आता शेठजींची बाजू. ‘आय ॲम फ्रॉम सांगली ओन्ली’, ‘ही टोल्ड मी यस्टरडे ओन्ली’ ही वाक्यं देशभर ऐकू येतात आणि ती सगळ्यांना कळतात. भारतीय इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्या भाषाशास्त्रज्ञांनी जोराच्या या ‘ओन्ली’ची नोंद केलेली आहे. हे अडाण्यांचं इंग्रजी आहे असं मी म्हणणार नाही. कारण सरळ आहे : हिंदीत ‘ही’, मराठीत ‘च’, आणि आपल्या जत तालुक्यात कन्नड बोलणारी माणसं शब्दाच्या शेवटी ‘ए’ लावतात. तिन्ही शब्दाच्या मागं चिकटतात आणि तिन्ही जोर देतात. तीच सवय घेऊन माणूस इंग्रजीत उतरला की ‘ओन्ली’ शब्दाच्या मागं जाऊन बसणारच. पेढीवर, फोनवर, चेन्नई-इंदूरच्या पार्टीशी बोलताना खुशाल वापरा. पण माल, पैसा आणि तारीख ज्या कागदावर आहे आणि वाचणारा परदेशी आहे, तिथं नको. तिथं गैरसमजाची किंमत कंटेनरमध्ये मोजावी लागते.

पदवीधराचं म्हणणंही पुरतं खरं नाही. ‘ओन्ली’ शेवटी येतो, आणि चांगला ऐटीत येतो. पण मुख्यतः पाट्यांवर, सूचनांमध्ये आणि पैशाच्या कागदावर. ‘लेडीज ओन्ली’, ‘मेंबर्स ओन्ली’, मलमाच्या ट्यूबवरचं ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’. चेकवर आपण ‘रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली’ लिहितो. मराठीत लिहिलं तरी ‘रुपये पाच हजार फक्त’ असाच शेवट करतो. तो ‘ओन्ली’ शोभेचा नाही. आकड्यापुढं कुणी ‘फाइव्ह हंड्रेड’ घुसडू नये म्हणून लावलेली ती कडी आहे. डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघांमध्ये ‘अकाउंट पेयी ओन्ली’ लिहितो, त्याचाही अर्थ काटेकोर आहे : पैसे ज्याचं नाव चेकवर आहे त्याच्या खात्यातच जमा व्हावेत, काउंटरवर रोख मिळू नयेत, दुसऱ्या कुणाच्या खात्यात जाऊ नयेत. या सगळ्या ठिकाणी ‘ओन्ली’ वगळण्याचंच काम करतो, एवढं लक्षात घ्या.

आता जागेचा प्रश्न. मराठी ‘च’ मागून येतो आणि आपल्या आधीच्या शब्दाला धरतो. ‘ओन्ली’ साधारणपणे पुढं बघतो. ज्याला धरायचं त्याच्या आधी उभा राहतो. एक वाक्य घ्या : काकांनी मला काल दुकानात चहा दिला. ‘ओन्ली अंकल गेव्ह मी टी’ म्हणजे काकांनीच दिला, बाकी कुणी विचारलंसुद्धा नाही. ‘अंकल गेव्ह ओन्ली मी टी’ म्हणजे मलाच, सोबतचे तसेच बसले. ‘अंकल गेव्ह मी ओन्ली टी’ म्हणजे चहाच, पोह्यांचा पत्ता नाही. ‘ओन्ली ॲट द शॉप’ म्हणजे दुकानातच, घरी नेलं नाही. मराठीत ‘च’ उचलून कुठंही लावता येतो तसाच इंग्रजीत ‘ओन्ली’ फिरतो, फक्त उलट्या बाजूनं.

खरी मौज क्रियापदाच्या आधीच्या जागेत आहे. ‘अंकल ओन्ली गेव्ह मी टी.’ इंग्रज माणूस बोलताना ‘ओन्ली’ बहुधा इथंच ठेवतो, त्याला धरायचा शब्द पुढं कुठंही असो. ‘टी’वर आवाज दाबला तर चहाच, ‘मी’वर दाबला तर मलाच. बोलण्यात आवाज असतो, म्हणून अडत नाही. कागदाला आवाज नसतो. यावरून इंग्रजीत अठराव्या शतकापासून भांडण चालू आहे. व्याकरणाचे कडक मास्तर म्हणत आले की ‘ओन्ली’ त्याच्या शब्दाला खेटूनच हवा. हेन्री फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या ‘अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज’ या कोशात या मास्तरांची चांगलीच हजेरी घेतली. त्यांचं उदाहरण होतं, ‘ही ओन्ली डाइड अ वीक अगो’, म्हणजे तो आठवड्यापूर्वीच तर वारला. कडक नियमानं हे ‘ही डाइड ओन्ली अ वीक अगो’ व्हायला हवं, नाहीतर ‘तो नुसता मेला’ असा अर्थ निघेल म्हणे! असा अर्थ कोण काढणार? फाउलर यांचं मत मला पटतं. बोलताना क्रियापदाआधी ठेवा, बिनधास्त. सोबत सहायक क्रियापद असेल तर त्याच्या मागं : ‘वी कॅन ओन्ली पे हाफ.’ ‘इज’, ‘आर’ असेल तर त्याच्याही मागं : ‘ही इज ओन्ली टेन.’

करारात मात्र मी मास्तरांच्या बाजूचा. भाड्याच्या करारातलं कलम घ्या. ‘द लायसन्सी शाल ओन्ली यूज द प्रिमायसेस फॉर रेसिडेन्स.’ मालकाला म्हणायचंय की जागा राहण्यासाठीच वापरायची, तिथं गोडाऊन करायचं नाही. पण हट्टी वकील या वाक्यातून ‘वापरायची तेवढी, विकायची नाही’ असंही काढू शकतो. ‘शाल यूज द प्रिमायसेस ओन्ली फॉर रेसिडेन्स’ लिहिलं की वाद मिटला. मराठी मसुद्यात आपण ‘फक्त राहण्यासाठीच’ असं ‘फक्त’ आणि ‘च’ दोन्ही लावतो, ते मराठीत चालतं, किंबहुना वजनदार वाटतं. इंग्रजीत त्याचं ‘ओन्ली फॉर रेसिडेन्स ओन्ली’ करू नका. ‘जस्ट ओन्ली’ही नको.

काळाकडं येऊ, म्हणजे कसोटी फसते तिथं. ‘तो कालच आला’ यात ‘फक्त’ घालून बघा : ‘तो फक्त काल आला.’ जमत नाही. तरीही ‘ही केम ओन्ली यस्टरडे’ हे अस्सल इंग्रजी आहे. कारण काळ, वय, अंतर, आकडा असं मोजण्यासारखं काही आलं की ‘ओन्ली’ ‘अपेक्षेपेक्षा कमी’ असं सांगतो. कालच आला, म्हणजे येऊन फार दिवस झाले नाहीत.

यातली गंमत अशी की तोच ‘ओन्ली’ लवकरही दाखवतो आणि उशीरही. ‘इट इज ओन्ली नाइन’ म्हणजे अजून वेळ आहे. ‘द बस केम ओन्ली ॲट नाइन’ म्हणजे गाडीनं उशीर केला. वर्गात पोरं इथं हमखास गोंधळतात. मी त्यांना सांगतो, ‘फक्त’ विसरा, आपला ‘कुठं’ आठवा. ‘आत्ता कुठं नऊ वाजलेत’ आणि ‘नऊला कुठं गाडी आली’. मराठीतही तोच ‘कुठं’ दोन्हीकडं चालतो. पहिल्यात घड्याळ आपल्याला वाटलं तेवढं पुढं गेलेलं नाही, दुसऱ्यात नऊच्या आधी काहीच घडलं नाही. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं ते १८४३ मध्ये. ‘मॉडर्न मराठी थिएटर बिगॅन ओन्ली इन १८४३’ असं कुणी लिहिलं तर त्याचा सूर ‘१८४३ मध्ये कुठं सुरू झालं’ असा आहे, म्हणजे त्याला ते उशिराचं वाटतं. नुसती माहिती द्यायची असेल तर ‘ओन्ली’ काढून टाका, नाहीतर आपल्याच गावाला कमीपणा आणाल.

बँकेच्या आणि इतर स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना एक गोष्ट सारखी अडवते : ‘ओन्ली’ वाक्याच्या तोंडाला आला की पुढची रचना उलटते, प्रश्नासारखी होते. ‘ओन्ली देन डिड ही पे.’ तेव्हा कुठं त्यानं पैसे दिले. ‘ओन्ली आफ्टर द ऑक्शन वॉज ओव्हर डिड द फार्मर गेट हिज मनी.’ लक्षात ठेवायचं ते हे की उलटापालट मुख्य वाक्यात होते, ‘ओन्ली’च्या तुकड्यात नाही. ‘ओन्ली आफ्टर वॉज द ऑक्शन ओव्हर’ हे चुकीचं, आणि पेपर काढणारे नेमका हाच खोडा घालतात. आणि ‘ओन्ली’ कर्त्याला धरत असेल तर काहीच उलटत नाही : ‘ओन्ली टू फार्मर्स केम.’

इथं एक बारीक जागा आहे, जी गाइडांमध्ये सहसा सापडत नाही. ‘ओन्ली यस्टरडे आय सॉ हिम इन गणपती पेठ’ आणि ‘ओन्ली यस्टरडे डिड आय सी हिम’ ही दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, पण एक नव्हेत. पहिलं म्हणजे ‘अहो, कालच तर मी त्याला गणपती पेठेत बघितला!’ माणूस अचानक गेल्याची बातमी ऐकल्यावर आपण बोलतो तसं. दुसरं म्हणजे ‘काल कुठं तो नजरेला पडला’, इतके दिवस शोधत होतो. उलटी रचना ‘त्याआधी नाही’ हे सांगते, सरळ रचना ‘किती अलीकडे’ हे सांगते. एवढं एक कळलं की व्याकरण पाठ करायची गरज राहत नाही, अर्थ धरला की रचना आपोआप येते.

‘ओन्ली इफ’ आणि ‘इफ ओन्ली’ यांची अदलाबदल तर रोज होते. ‘वी विल डिस्पॅच ओन्ली इफ वी रिसीव्ह द ॲडव्हान्स’ म्हणजे ॲडव्हान्स आला तरच माल निघेल, ही अट. ‘इफ ओन्ली वी हॅड रिसीव्हड द ॲडव्हान्स!’ म्हणजे ॲडव्हान्स आला असता तर! हा उसासा आहे. व्यवहाराच्या पत्रात अटीच्या जागी उसासा टाकला तर पार्टी तुमची कीव करेल, पैसे पाठवणार नाही. याच ‘इफ ओन्ली’ला ‘टू’ जोडला की तिसराच सूर लागतो : ‘गो, इफ ओन्ली टू शो युअर फेस.’ जाऊन ये, निदान तोंड दाखवायला तरी.

‘ओन्ली टू’ एकटा आला तर जपून. ‘आय टुक माय सितार ऑल द वे टू मिरज, ओन्ली टू फाइंड द वर्कशॉप क्लोज्ड.’ याचं भाषांतर एका विद्यार्थ्यानं ‘मी फक्त कारखाना बंद बघण्यासाठी सतार घेऊन मिरजेला गेलो’ असं केलं होतं. शब्दाला शब्द अगदी बरोबर! इथं हेतू नाही, पचका आहे : सतार घेऊन मिरजेपर्यंत गेलो, बघतो तर काय, कारखाना बंद. ‘ओन्ली टू’च्या आधी स्वल्पविराम दिसला, किंवा पुढं ‘फाइंड’, ‘डिस्कव्हर’ असलं क्रियापद दिसलं, की ‘बघतो तर काय’ घालून बघा.

बाकीचे उपयोग भराभर सांगतो. ‘ओन्ली टू ग्लॅड’ (हा ‘टू’ दोन ‘ओ’वाला) यात कमीपणा अजिबात नाही, ‘अगदी आनंदानं’ असा अर्थ आहे. ‘इट्स ओन्ली नॅचरल’ म्हणजे साहजिकच. बघा, मराठीत इथंही ‘च’ आलाच. ‘ओन्ली जस्ट’ म्हणजे नुकताच किंवा जेमतेम. मघाशी टाळा म्हटलेल्या ‘जस्ट ओन्ली’शी त्याची गल्लत नको. ‘आय वुड कम, ओन्ली आय हॅव नो टाइम’मध्ये तो ‘पण’ होतो. बोलण्यात ठीक, पत्रात ‘बट’ बरा. ‘नॉट ओन्ली’ आणि ‘बट ऑल्सो’ यांच्या मागं एकाच जातीचे शब्द हवेत : ‘नॉट ओन्ली ग्रीन बट ऑल्सो ब्लॅक रेझिन्स’. एकाच्या मागं क्रियापद आणि दुसऱ्याच्या मागं नाम ठेवलं की वाक्य लंगडतं. ‘ॲन ओन्ली चाइल्ड’ म्हणजे एकुलतं एक मूल, भावंडं नसलेलं. ‘द ओन्ली चाइल्ड’ म्हणजे तिथं हजर असलेलं एकच मूल, घरी त्याला चार भावंडं का असेनात.

उच्चार ‘ओन्ली’, सुरुवातीचा ‘ओ’ लांब. हा मूळ ‘वन’ या शब्दाचाच वंश : जुन्या इंग्रजीतला ‘एक’ आणि त्याला ‘-ली’. ‘वन’च्या तोंडाला ‘व’ नंतर कधीतरी लागला. ‘ओन्ली’, ‘अलोन’ आणि ‘ॲटोन’ (प्रायश्चित्त करणं) यांनी जुना ‘ओ’ सांभाळला. ‘अलोन’ म्हणजे ‘ऑल’ आणि ‘वन’, ‘ॲटोन’ म्हणजे ‘ॲट’ आणि ‘वन’. ‘लोनली’ मात्र ‘ओन्ली’ला ‘ल’ जोडून झालेला नाही. ‘अलोन’चा ‘अ’ गळून ‘लोन’ उरला आणि त्याला ‘-ली’ लागला.